दर रविवारी सेल मारू का?

आदरणीय काका,

मी मूळचा मिरजेचा. सध्या अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनिआपोलिसच्या जवळ राहतो. या मे महिन्यात मी एक १९७२ सालची डॅटसन २४०झेड, म्हणजे निसानची जुनी स्पोर्ट्स गाडी, घेतली. कॅलिफोर्नियातून ट्रकवर चढवून आणली. माझ्या बाबांचं मिरजेत गॅरेज होतं, अ‍ॅम्बॅसडर टॅक्स्या दुरुस्तीला यायच्या. त्यांच्या हाताखाली पाने-पकडी देत मी मोठा झालो, त्यामुळे कार्बोरेटरवाली गाडी घ्यायची हे फार वर्षं मनात होतं. उन्हाळाभर मनसोक्त चालवली. टायर चांगले आहेत, इंजिन गोड चालतं.

आता हिवाळा आला आणि जो तो वेगळं सांगतो. ऑफिसातला एक जण म्हणतो, दर रविवारी दहा मिनिटं सुरू करून ठेव. दुसरा म्हणतो, ताडपत्रीत गच्च गुंडाळून टाक. बाबा फोनवर म्हणतात, ‘उभी गाडी म्हणजे मेलेली गाडी, रोज सेल मार.’ त्यात आमच्या गॅरेजमध्ये दोनच गाड्या मावतात आणि एक बाजू सामानाने भरली आहे. झेड आत ठेवली तर बायकोची गाडी बाहेर बर्फात राहणार. ती हॉस्पिटलात नोकरी करते, पहाटेची पाळी असते. ती काही बोलत नाही, पण मला कळतं.

बाबा मे महिन्यात पहिल्यांदाच इकडे येत आहेत. त्यांना ही गाडी दाखवायची आहे. कधी कधी वाटतं, हे आपल्याला झेपणारं नाही, विकून मोकळं व्हावं. काय करू?

— मिरजकर

*

प्रिय मिरजकर,

पुढचं उत्तर नंतर वाच. आधी गॅरेजमध्ये जा, इंजिन थंड आहे याची खात्री कर, रेडिएटरचं झाकण उघड आणि आत काय आहे ते बघ. तुझ्या पत्रात कार्बोरेटर आहे, टायर आहेत, बाबा आहेत, बायको आहे, पण कूलंटबद्दल, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबद्दल, एक शब्द नाही. आणि गाडी कॅलिफोर्नियाची आहे. जिथे वर्षानुवर्षं पाणी गोठत नाही तिथला मालक रेडिएटरमध्ये नुसतं पाणी ओतत आला असेल तर त्याचं तिथे काहीच अडलेलं नसतं. तुझं मात्र एका रात्रीत अडेल. पाणी गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं. तुझ्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, आणि बीड वाकत नाही, तडकतं. असा ब्लॉक मी पाहिला आहे. बाजूला पेन्सिलीने ओढावी तशी बारीक रेघ होती, बस. त्या रेघेने मालकाची तीन वर्षांची मेहनत भंगारात काढली.

पार्ट्सच्या कुठल्याही दुकानात कूलंट मोजायची नळी काही डॉलरमध्ये मिळते. रबरी फुगा दाबून थोडं पाणी वर ओढायचं, काटा किती अंशांपर्यंत संरक्षण दाखवतो ते वाचायचं. निम्मं ग्लायकोल, म्हणजे पाणी गोठू न देणारं रसायन, आणि निम्मं पाणी असेल तर साधारण उणे ३७ सेल्सिअसपर्यंत निभावतं. तुमच्याकडची थंडी बघता मी साठ टक्के ग्लायकोल ठेवीन. नवं भरशील तेव्हा आतला हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चांगलं तापेपर्यंत चालव, नाहीतर हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये जुनं पाणी तसंच राहतं आणि तो फुटून तुझ्या पायाशी तळं होतं. काच धुवायच्या पाण्याची टाकीही याच वेळी रिकामी कर.

हे झालं? आता रविवारच्या सेलकडे येऊ.

माझी झेड १९७१ची आहे, १९९४ पासून माझ्याकडे. मिशिगनमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी तुझ्या सहकाऱ्याने सांगितलं तेच केलं होतं. दर रविवारी सकाळी चहा झाला की गॅरेजमध्ये जायचं, चोक ओढायचा, इंजिन सुरू करायचं, दहा मिनिटं तो आवाज ऐकत उभं राहायचं आणि समाधानाने परत यायचं. मार्चमध्ये ऑइलचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पिवळट, चिकट थर. बोट फिरवलं तर बोटाला लागला. ऑइलमध्ये पाणी मिसळून झालेलं ते लोणी होतं. सायलेन्सर हलवून बघितला तर आत गंजाचे पापुद्रे खुळखुळत होते. उन्हाळाभर नीट चाललेली गाडी मी हिवाळ्यात, तिची काळजी घेत घेत, आतून भिजवली होती.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी पूर्ण तापली की ते वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून निघून जातं. थंड गाडीत ते जात नाही. ते सायलेन्सरच्या पोटात साचतं, पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यात चोकवर चालवताना पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि स्वतःही खाली झिरपून ऑइल पातळ करतं. बॅटरीचं म्हणशील तर सेल मारायला जेवढी खर्च झाली तेवढी दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये भरून येत नाही. म्हणजे दर रविवारी थोडं पाणी, थोडं पेट्रोल आणि थोडी कमजोर बॅटरी, असं वीस रविवार.

तेव्हा नाही, सेल मारायचा नाही. एकदाही नाही. नोव्हेंबरपासून एप्रिलच्या शेवटापर्यंत चावीला हात लावू नकोस.

मग बाबा चुकीचं सांगतात का? मला नाही वाटत. त्यांचा नियम तुझ्यापर्यंत अर्धा पोचला आहे. मिरजेत ‘रोज सेल मार’ याचा अर्थ सेल मार, स्टेशनपर्यंत जाऊन ये, इंजिन तापू दे, चाकं फिरू देत, ब्रेक लागू देत असा असतो. तिथे रस्ता बारा महिने उघडा आहे. बंद गॅरेजमध्ये उभ्या उभ्या इंजिन चालवून पुन्हा बंद करा, असं कुठलाही चांगला मिस्त्री सांगणार नाही. तुमच्याकडे मात्र नोव्हेंबरात, बर्फ वितळावा म्हणून, रस्त्यावर मीठ पडायला लागतं आणि मग वसंतातले दोन-तीन दणदणीत पाऊस होईपर्यंत ते रस्ता सोडत नाही. मिठाच्या रस्त्यावर झेड पाच मैल न्यायचीही माझी तयारी नाही. बाबांना फोन कर आणि विचार, ‘गाडी बाहेर काढताच येत नसेल, सहा महिने, तर काय कराल?’ त्यांचं उत्तर बदलेल, आणि कदाचित माझ्यापेक्षा चांगलं असेल.

नोकरीची बत्तीस वर्षं मी गाडीच्या पत्र्याला गंज लागू नये यासाठीच्या लेपांवर काम केलं. तेव्हा हे जरा विस्ताराने सांगू दे, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांची मुळं इथेच आहेत. तू थंडीला घाबरतो आहेस. थंडीने पत्रा गंजत नाही. तापमान शून्याच्या बरंच खाली असलं की गंज जवळजवळ थांबतो. पत्र्याला खाते ती ओल, आणि ओलीत मीठ असेल तर विचारायलाच नको. आज जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सर्रास वापरतात, तो १९७२च्या झेडमध्ये नव्हता. पातळ, साधा पोलादी पत्रा, आणि त्यात पाणी अडून राहील अशा जागाही कमी नाहीत. पुढच्या काचेखालच्या जाळीच्या आत एक पन्हाळ आहे, त्यात पानं साचतात. बॅटरीखालचा ट्रे. दारांच्या खालच्या कडा. मागच्या चाकाच्या लगेच पुढचा कोपरा, ज्याला इकडे डॉगलेग म्हणतात. फ्लोअर. स्टेपनीचा खड्डा. या जागा तोंडपाठ कर, आणि प्रत्येक ठिकाणी नुसतं बघू नकोस, बोट घालून बघ. सुकलेल्या पानांचा चिखल हाताला लागला तर तो काढ आणि वरून पाणी ओतून ते खालून बाहेर पडतं का ते पाहा. रंग छान दिसतो तिथे लोहचुंबक लावून बघ. चुंबक चिकटला नाही तर खाली पत्रा नाही, पुट्टी आहे.

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे पावसाळा तोंडावर आला की होड्या वाळूवरून वर ओढून घेतात आणि झापांनी शाकारतात. तू कधी नीट पाहिलं आहेस का ते? होडी सरळ वाळूत टेकवत नाहीत, खाली ओंडके असतात. झापं अंगाला चिकटवत नाहीत, आत वारा खेळायला वाव ठेवतात. आणि एकदा शाकारली की नारळी पौर्णिमेच्या सुमारापर्यंत तिला कोणी हात लावत नाही. मीठ आणि पाणी यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार केलेल्या माणसांची ती पद्धत आहे. आगोटीची तयारी एकदाच, मन लावून, आणि मग धीर. तुझ्या झेडला मी याहून वेगळं काही सांगत नाही.

म्हणून ताडपत्रीचा सल्ला अजिबात ऐकू नकोस. प्लास्टिक वरून टाकलं की आतली ओल आतच राहते आणि रंगावर फोड येतात. वरून सुती, हवा जाऊ देणारं कव्हर हवं. प्लास्टिकची खरी जागा गाडीच्या खाली आहे. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथर, त्यावर गाडी उभी कर. काँक्रीटमधून वर येणारी ओल तिथेच अडते.

आता गॅरेज कोणाला, हा प्रश्न. तू तो घरातला प्रश्न म्हणून विचारला आहेस, मला तो पत्र्याचाही प्रश्न वाटतो. समज, दोन्ही गाड्या आत मावल्या. तुझी बायको पाळीवरून परत येते, गाडीच्या खालच्या बाजूला चिकटलेला मिठाचा बर्फ गॅरेजच्या उबेत वितळतो, खारट पाणी जमिनीवर पसरतं, वाफ होऊन हवेत चढतं आणि शेजारच्या थंड झेडवर बसतं. दिवसातून एकदा, सबंध हिवाळाभर. रोजच्या गाडीशेजारचं उबदार गॅरेज ही जुन्या गाडीसाठी फार वाईट जागा आहे. तिच्यासाठी कोरडी, बिनहीटरची, काँक्रीटच्या जमिनीची वखार कितीतरी चांगली.

आणि अशा जागा तुमच्याकडे आहेत. मिडवेस्टमध्ये शेतकरी रिकामी कोठारं हिवाळ्यापुरती भाड्याने देतात. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रेची जी मैदानं असतात, जिथे उन्हाळ्यात गाई-बकऱ्यांची प्रदर्शनं भरतात, तिथल्या मोठ्या शेडही अनेक ठिकाणी हिवाळ्यात बोटी आणि गाड्या ठेवायला देतात. तिथे एकदा गाडी आत गेली की वसंतापर्यंत सहसा बाहेर काढू देत नाहीत. तुला तेच हवं आहे. जागा बघायला जाशील तेव्हा पावसाच्या दिवशी जा. छप्पर गळतं का, भिंतीच्या कडेला पाण्याचा डाग आहे का ते तेव्हाच कळतं. मातीची जमीन असेल तर दुसरी जागा शोध.

म्हणजे गॅरेज तुझ्या बायकोचं. ती काही बोलत नाही असं लिहितोस. ती बोलायची वाट पाहू नकोस. पहाटे पाचला उणे पंचवीसमध्ये काचेवरचा बर्फ खरवडून बारा तास रुग्णांच्या सेवेत उभं राहायचं, आणि तेवढ्यात आपल्या जागेवर कापड पांघरून उभी असलेली गाडी बघायची, हे एका हिवाळ्यानंतर माणसाच्या मनात राहतं. ते सामानही या शनिवारी आवर. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या तर तुझीही रोजची गाडी आत येईल.

गाडी ठेवण्यासाठी एक सबंध दिवस काढ, ऑक्टोबरच्या शेवटच्या कोरड्या, उन्हाच्या शनिवारपैकी एखादा. सकाळी पेट्रोल पंपावर जा. मिनेसोटात काही पंपांवर इथेनॉल नसलेलं पेट्रोल वेगळ्या नळीने मिळतं, त्यावर जुन्या गाड्या, बोटी, लहान इंजिनं यांच्यासाठी असं लिहिलेलं असतं. ते काठोकाठ भर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि झेडची टाकी पोलादी आहे. टाकी अर्धी रिकामी राहिली तर तिच्या वरच्या भागात दव धरतं आणि ती आतून गंजते. पेट्रोल टिकवणारं औषध पंपावर जायच्या आधीच टाकीत ओतून ठेव, म्हणजे पेट्रोल भरताना ते आपसूक मिसळतं. मग गाडी तासभर हायवेवर चालव. औषध कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाट्यांपर्यंत पोचतं, सायलेन्सर कोरडा होतो, आणि तुझंही मन भरतं.

परत आल्यावर ऑइल गरम आहे तोवर बदल. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल साठलेली असते, ती सहा महिने बेअरिंगला लावून ठेवायची नाही. ऑइल घेताना झिंक, म्हणजे घासणाऱ्या भागांना झिजेपासून वाचवणारं द्रव्य, जास्त असलेलं घे. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर थेट कॅमवर घासतात, आणि आजच्या साध्या ऑइलमध्ये झिंक कमी केलेलं असतं. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोड, इंजिन हाताने दोन वेढे फिरव, प्लग परत लाव. खालची बाजू आदल्या दिवशीच धुतलेली असू दे, म्हणजे हायवेवर ती वाऱ्याने सुकते. ओली गाडी कधीही आत ठेवायची नाही.

बॅटरी काढून घरी आण. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी तुमच्या थंडीत गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासही गोठून फुटू शकते. लहान ऑटोमॅटिक चार्जरवर ठेव. आणि बॅटरी निघालीच आहे तर तो ट्रे खायच्या सोड्याच्या पाण्याने धू. फेस आला तर तिथे आम्ल सांडलेलं होतं असं समज, आणि फेस येणं थांबेपर्यंत धुत राहा. ब्रेक ऑइल कधी बदललं हे माहीत नसेल तर तेही बदल. ते हवेतली ओल पितं, दोन वर्षांहून जुनं ठेवू नये. हॅण्डब्रेक ओढू नकोस. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत, शू ड्रमला धरून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेव आणि चाकाला लाकडी ठोकळे लाव. टायरमध्ये चाळीस पीएसआयच्या आसपास हवा भर, बाजूवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. गाडी स्टँडवर चढवून चाकं लोंबकळत ठेवायची मला गरज वाटत नाही.

टायर चांगले आहेत असं तू लिहिलंस. नक्षीवरून म्हणतोस का? बाजूवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचं रबर दिसायला कितीही काळंभोर असलं तरी ते टणक झालेलं असतं, आणि पावसाळी वळणावर ते तुला धरून ठेवणार नाही. कॅलिफोर्नियातून आलेल्या, कमी चाललेल्या गाड्यांमध्ये हे फार वेळा निघतं.

उंदीर. याला मी मिठानंतर दुसरं स्थान देतो. कोठारात ते असणारच. एअर फिल्टरच्या डब्यात, हीटरच्या पंख्यात, सीटच्या स्पंजात घर करतात, वायरी कुरतडतात, आणि त्यांच्या मुतानेही पत्रा गंजतो. पुदिन्याचं तेल, कपड्यांना घालायचे सुगंधी कागद, हे सगळं मी करून पाहिलं. उंदीर त्या कागदांचंच घरटं करतात. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत भांडी घासायची स्टीलची घासणी कोंब. साधी लोखंडी तारेची नको, ती गंजून जाते. गाडीत बिस्किटाचा चुरासुद्धा राहू देऊ नकोस. चारही चाकांपाशी सापळे लाव आणि दोन-तीन आठवड्यांनी चक्कर मारून बघ. आणि जे जे काढलंस, कोंबलंस, सोडलंस ते एका पिवळ्या कागदावर मराठीत लिही आणि तो कागद स्टिअरिंगला बांध. ‘सायलेन्सरमध्ये घासणी आहे’ ही गोष्ट एप्रिलच्या पहिल्या उन्हात हमखास विसरते.

विम्याचं एकच सांगतो. रस्त्यावरच्या अपघाताचा भाग हिवाळ्यापुरता कमी करायचा असेल तर कर, पण आग, चोरी आणि बर्फाने छप्पर कोसळणं यांचं संरक्षण चालू ठेव. किंमत आधीच ठरवून दिलेली पॉलिसी घे, नाहीतर विमा कंपनीच्या हिशेबात ती पन्नास वर्षं जुनी दोन दारांची गाडी असते.

वसंतात एक दिवस धोक्याचा असतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मार्चमध्ये अचानक दमट, उबदार वारा सुटतो. सगळं जग आनंदाने दारं उघडतं. पण कोठारातला पत्रा अजून बर्फासारखा थंड असतो. ती हवा आत शिरली की गाडीला अक्षरशः घाम फुटतो, इंजिनाला, ब्रेकच्या डिस्कला, दारांच्या आतून, सगळीकडे. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून भिजतो ना, तसं. त्या दिवशी जाऊ नकोस. कोठार बंदच राहू दे. आतलं-बाहेरचं तापमान सारखं झालं, हवा कोरडी झाली, रस्त्यावरचं मीठ दोन-तीन पावसांनी वाहून गेलं, की मग.

विकायचं म्हणतोस. हा निर्णय नोव्हेंबरात घ्यायचा नसतो. ऑक्टोबर ते मार्च ही गाडी तुला फक्त काम आणि खर्च दाखवते. जूनमध्ये स्वतःला पुन्हा विचार. तेव्हाही विकावीशी वाटली तर विक, त्यात कमीपणा काही नाही. पण ‘झेपत नाही’ हे कारण मला पटत नाही. ही गाडी ज्यांनी अमेरिकेत आणली ते युताका काटायामा, ज्यांना इकडे मिस्टर के म्हणायचे, त्यांना ती सामान्य पगारदाराला परवडेल आणि गल्लीतल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल अशीच हवी होती. जपानात तिचं नाव फेअरलेडी होतं. ते नाव इथे चालणार नाही हे ओळखून त्यांनी इथल्या गाड्यांना २४०झेड हे नाव लावलं. दोन हजार तीनशे त्र्याण्णव सीसीचं, सहा सिलिंडरचं इंजिन, दोन कार्बोरेटर, आणि सुरुवातीची किंमत ३५२६ डॉलर. युरोपातल्या अशा बऱ्याच गाड्या तेव्हा याहून पुष्कळ महाग होत्या. ती राजवाड्यात ठेवायची वस्तू कधीच नव्हती. तिचे भाग आजही नवे बनतात. बोनेट उघडलं की प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. पाने-पकडी देत मोठा झालेल्या मुलाला नाही झेपणार तर कोणाला?

आता बाबांबद्दल. त्यांना डॅटसन म्हटलं की आपल्याकडे २०१४ मध्ये आलेली ती छोटी गो आठवत असेल. त्यांना सांग, लष्कराची जोंगा आठवते का, तीही निसानचीच. जबलपूरला बनायची. लिलावातल्या जोंगा गावोगावी फिरायच्या, त्यांच्या गॅरेजलाही एखादी आली असेल. आणि बोनेट उघडून कार्बोरेटर दाखव. अ‍ॅम्बॅसडरवर एसयू नावाचा ब्रिटिश घडणीचा कार्बोरेटर असायचा. तुझ्या झेडचे दोन्ही कार्बोरेटर हिताचीचे आहेत, पण घडण त्याच एसयूची. तेच वर-खाली होणारं पिस्टन, तीच सुई, वरच्या टोपीत तेच थोडं पातळ तेल. ठिणगी पाडणारे सीबी पॉइंटही तेच. तिथल्या तिथे ओळखतील. मिनेसोटात हे हाताने जुळवता येणारी माणसं आता शोधावी लागतात, आणि तुझ्या घरी एक येतो आहे.

तेव्हा मे महिन्यात ते यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवू नकोस. मला ठाऊक आहे, विमानतळावरून घरी येताना गाडी दारात तयार उभी असावी असं तुला वाटतं. तो मोह आवर. कोठारातून ट्रेलरवर घालून आण आणि तशीच बंद ठेव. त्यांची झोप पूर्ण होऊ दे, जेवण होऊ दे. मग दोघं मिळून पिवळा कागद वाचा आणि एक एक गोष्ट उलटी करत या. घासण्या काढा आणि मोजा. बॅटरी लावा. प्लग काढा आणि कॉइलची वायर सोडून सेल मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. पेट्रोल पंप इंजिनवर चालतो, तेव्हा वाट्या भरायला थोडा वेळ लागेल, घाई करू नका. मग प्लग लावा, वायर जोडा, चोक ओढा आणि चावी त्यांच्या हातात दे.

इंजिन पूर्ण तापलं की व्हॉल्व्हचं अंतर बघा, गरम असताना इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. ते झाल्यावर कार्बोरेटर. एअर फिल्टरचा डबा काढ, हातभर रबरी नळी घे आणि त्यांना दे. एक टोक ते स्वतःच्या कानाला लावतील, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतील, मग दुसऱ्याच्या. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू येतो, दोन्हीकडचा सारखा हवा. तू स्क्रू-ड्रायव्हर घेऊन समोर उभा राहा. ते हाताने खुणावतील, थोडं इकडे, अजून थोडं, बस.

तुझा,
काका

ता. क. कूलंट तपासून काटा किती दाखवतो ते आजच्या आज कळव.